नाक्यावरचं पाणी

जेवायला बसलो तरी माझा एक पाय उंबऱ्याकडे वळलेला असायचा. या पोट्ट्याला पाटावर नाही, दाव्याला बांधून जेवू घालायला पाहिजे, असं माय म्हणायची. तिचं काही चुकत नव्हतं. नववीच्या त्या हिवाळ्यात अंगात कोणी मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं. वर्गात बसलो की खळ्यावर जावंसं वाटे, खळ्यावर गेलो की तळ्यावर, आणि तळ्याच्या पाळीवर पोचलो की आठवे, दप्तर शाळेतच राहिलं. आता गुडघ्यांमुळे डॉक्टर मला बसून राहा म्हणतात. जे मायला दाव्यानंही जमलं नसतं ते या लाल-पिवळ्या गोळ्यांनी करून दाखवलं.

आमचं घर पाथरबोडीला, खापरीचं, दोन खोल्यांचं. बाबा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला होते. सणावाराला येत, आणि आले की दोन दिवस त्यांच्या कानांतून काळं निघत राही. शेतीचं सगळं उरकुडा मामा पाहायचा. हा मायचा धाकटा भाऊ. मामी गेल्यापासून आमच्याकडेच राहिलेला. धान कापून झालं की पहाटे खळ्यावर चुरणं सुरू व्हायचं. बैल गोल फिरायचे, पायाखालचा पेंढा सळसळायचा, आणि बैलांच्या मागे फिरता फिरता मामा गडगडायचा, "आज या घराण्याचा दिवा मी विझवणार!" बैलांना सवय होती. आम्हालाही होती. मामा गावच्या नाटकातला खलनायक होता.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं उभी राहतात. महिनाभर आधीपासून पेटी-तबला वाजू लागतो, आणि न्हाव्यापासून पोलीसपाटलापर्यंत सगळे जण आपापले संवाद पुटपुटत हिंडतात. मामाचा आवाज असा, की बिनभोंग्याचा शेवटच्या माणसापर्यंत जावा. पाठांतर मात्र शून्य. दोन वाक्यांच्या पुढे त्याची गाडी चिखलात रुतायची. मग तो छाती पुढे काढून, मिशीवर बोट फिरवत, सावकाश विंगेकडे वळायचा. लोकांना वाटायचं, वा, काय काम करतो! तो खरं तर मला शोधत असायचा. पडद्याआड पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्प्टर मीच होतो. मला वाचता झरझर यायचं, पण उजेडात उभं केलं की तोंडाला कुलूप लागायचं, म्हणून गावानं मला ही जागा दिली होती. परिणाम असा झाला, की वकिलाची, विधवेची, दारुड्याची, सगळ्यांची वाक्यं मला पाठ होती. माझं स्वतःचं म्हणावं असं वाक्य एकही नव्हतं. हे त्या हिवाळ्यात उघडकीला आलं, आणि तेही तोंडाला साबण लावून बसलेल्या माणसासमोर.

शाळा शेजारच्या मोठ्या गावात होती. वाटेवर जंगलखात्याचा नाका लागे: आडवा बांबू, कौलारू पडवी, मागे वांग्या-टमाटरचे वाफे. त्याच वर्षी आमच्या शाळेत रामटेके बाई आल्या, गडचांदूरहून. सिमेंटच्या धुळीत वाढलेय, खडूची धूळ मला काय करणार, असं म्हणायच्या. बाईंनाही एका जागी उभं राहवत नसे. फळ्याकडून खिडकीकडे, खिडकीकडून दाराकडे, अशी त्यांची सारखी ये-जा. नागरिकशास्त्र हे आमच्या शाळेत इतिहासाच्या शेपटीला बांधलेलं डबडं होतं. आधीचे सर परीक्षा तोंडावर आली की पुस्तकात रेघा मारून द्यायचे आणि मोकळे व्हायचे. बाईंनी ते डबडं सोडून हातात घेतलं.

एक दिवस त्या वर्गात आल्या, हजेरी न घेता माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "ऊठ. तुला अटक झाली आहे." मागच्या बाकावरच्या दोन दांडग्यांनी मला उचलून बाहेर कडुनिंबाखाली नेऊन बसवलं. कशासाठी, ते कोणी सांगेना. आत तास सुरू झाला. मी आधी मुंगळे पाहिले. मग पायानं मातीत बैल काढला, पुसला, पुन्हा काढला. मग बैल अर्धाच राहिला. मुख्याध्यापकांच्या मागच्या वाडीतले पेरू कळले असतील का? की नकाशातल्या श्रीलंकेला मी मिशा काढल्या, ते? की घंटेचा टोला लपवला होता, ते? एकेक आठवत गेलं, आणि प्रत्येक वेळी वाटलं, हेच, हेच असणार. शेवटी आत बोलावलं तेव्हा कोणी काही विचारायच्या आत मी सांगून टाकलं, "बाई, पेरू म्या एकट्यानं नाई तोडले."

बाईंना पेरूंचा पत्ताच नव्हता. त्या दिवसापासून मुख्याध्यापकांना मात्र लागला.

वर्ग हसून दमल्यावर बाई म्हणाल्या, "पाहिलंत? कारण न सांगता बसवून ठेवलं, की माणूस आपणच आपल्याविरुद्ध कारणं शोधायला लागतो." मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: राज्यघटना, कलम बावीस. पकडलेल्या माणसाला कारण सांगायचं. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. त्याखाली कलम तेवीस. वेठ, म्हणजे माणसाला धरून फुकट राबवून घेणं, बंद. पहिल्या बाकावर निर्मला बसायची. फळ्यावरचं सगळं खरं असतं असं तिला वाटायचं. ती म्हणाली, "बाई, मंग नाक्यावर लोकं पाणी भरते, ते?"

खिडकीकडे निघालेल्या बाई अर्ध्यात थांबल्या. त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते सांगण्यासारखं काही आहे, असं कधी वाटलं नव्हतं. लाकूड नाहीतर मोहफुलं घेऊन कोणी सापडला, की आमचा नाकेदार केस करत नसे. दोन-चार दिवस नाक्यावर ठेवून घ्यायचा. नाल्यावरून कावडीनं पाणी आणायचं, वाफे शिंपायचे, पडवी सारवायची, मग घरी जायचं. घरची बाई डबा पोचवायची. जवळपास प्रत्येक घराची पाळी होऊन गेली होती, आणि एखादा नाक्यावर पाणी भरून आला म्हणजे पोराला गोवर येऊन गेल्यासारखं होतं, आला, गेला. उलट नाकेदार मनानं चांगला, केस करत नाही, असंच गाव म्हणायचं.

मला तेव्हा हुशारी सुचली. उभा राहून म्हणालो, "बाई, चोराले कायचा हक्क?" वर्गाला ते फार आवडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "चोर आहे, हे ठरवलं कोणी?" मी बसलो. बसलो म्हणजे काय, बाकावर चुळबुळत राहिलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामा सापडला. नाटकाच्या मंचासाठी सागाच्या बल्ल्या, म्हणजे वासे, हव्या होत्या आणि खलनायकानं त्या आणायचं कबूल केलं होतं. बैल परत आले, गाडी परत आली, मामा आला नाही.

घराला मग बसवेना. माय चुलीपाशी जायची, दारात यायची, पुन्हा चुलीपाशी. लाखोळीची डाळ उतू जाऊन विस्तव विझला, तरी तिला कळलं नाही. खळ्यावर धान पसरलेलं, आभाळ कुंद झालेलं, आणि बैल जागचे हलेनात. माय म्हणाली, त्यायले तुया मामाचा आवाज पाहिजे. म्हणून मी घसा ताणून घराण्याचा दिवा विझवायला गेलो. बैलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेंढा खायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय डबा भरत होती. भात, जवसाची चटणी, वर कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाची वडी. काल सकाळपासून मामा आत होता. मी फळ्यावरचं सगळं तिला ऐकवलं.

"मॅजिस्ट्रेट म्हणजे कोर्टात?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग केस होईल का नाई?"

"होईल."

"आता तो दोन दिवस पाणी भरन अन् घरी येईन. तुया कायद्यानं माया भावाले चंद्रपूरच्या जेलात धाडतं का बे?"

हे फळ्यावर नव्हतं. मी डबा उचलला. वाटभर मी कधी पळत होतो, कधी थांबून मागे पाहत होतो. बोललो तर मामा जेलात, गप्प राहिलो तर कावडीखाली. बाईंनी शिकवलेलं खरं, की मायचं खरं, हे काही केल्या ठरेना. आज कोणी भाषणात हक्काबद्दल गोड गोड बोलू लागलं, की मला त्या वाटेवरचा डबा आठवतो. हातात सारखा हेलकावे खात होता.

नाक्यावर मामा नाल्याकडून येत होता. खांद्यावर कावड, दोन्हीकडे तेलाचे रिकामे डबे पाण्यानं भरलेले. मी विचारलं, कायच्यापायी धरलं म्हणून.

"कोणाले मालूम? बल्ल्याच असतीन," तो म्हणाला. मग दोन पावलं चालून, "नाई तं मागच्या सालचे मोहफुलं." आणखी दोन पावलांनी, "का तं तो सांबर."

"कोणता सांबर?"

"काई नाई. डबा ठेव तिथी."

मला कडुनिंब आठवला. माझे पेरू आठवले. आणि पुढे काय करतोय हे कळायच्या आत मी पडवीत जाऊन उभा राहिलो. नाकेदार खांबाला आरसा टांगून दाढी करत होता. बाजूला ट्रान्झिस्टर चालू होता. मला म्हणायचं होतं, साहेब, कलम बावीस. तोंड उघडलं, आणि आतून कोणीच वाक्य दिलं नाही. मग जे पाठ होतं ते बाहेर पडलं. हात आभाळाकडे नेऊन मी ओरडलो, "मायलॉर्ड! हा माणूस निष्पाप आहे! याच्या आंधळ्या आईच्या डोळ्यांतले अश्रू पाहा!"

नाकेदाराचा वस्तरा गालावरच थांबला. एवढ्यावर निभावलं असतं, पण मागून मामा कावड घेऊन येत होता. ते वाक्य कानावर पडताच सवयीनं त्याचा ताबा घेतला. तिथूनच तो गडगडला, "हा हा हा! पुरावा कुठं आहे, वकीलसाहेब?"

आपल्याच अशिलानं आपल्याच विरुद्ध हसावं, असं कोर्टात क्वचित होत असेल. नाकेदार इतका हसला की साबण मिशीत गेला. मग डोळे पुसत मला म्हणाला, "मोठा वकील होशीन लेका. आता ते वाफे वाळून राह्यले, तितकं पाणी टाकून दे." त्यानं मला झारी दिली, आणि वर एक बिस्कीटही दिलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

मी पाणी घालू लागलो. पळून जाता आलं असतं. मामाला तिथं टाकून पाय निघेना, एवढंच. रस्त्यावरून शाळेची पोरं जात होती. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी "मायलॉर्ड" म्हणून हाक मारली. निर्मलेनं फक्त पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला.

ऊन डोक्यावर यायच्या आधी रस्त्यावर धुरळा दिसला. पुढे छत्री घेतलेल्या बाई, त्यांच्याशी बोलत निर्मला, मागे आमचा अख्खा नववीचा वर्ग. बाई पडवीसमोर येऊन थांबल्या. आधी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, हजेरीत एक कमी होता, तो इथे आहे वाटतं. मग नाकेदाराला नमस्कार केला.

"मुलांना अटकेचा धडा शिकवते आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रत्यक्ष काम करता, तुमच्याकडून कळलं तर बरं. यांना कधी धरलं? कशासाठी? आणि मॅजिस्ट्रेटपुढे केव्हा नेणार?"

वर्ग अंगणात मांडी घालून बसला. वह्या उघडल्या. बाईंचा आवाज सरळ होता, पण छत्रीचं टोक जमिनीत सारखी भोकं पाडत होतं. नाकेदारानं ट्रान्झिस्टर बंद केला. त्यानं चहाचं विचारलं, बाईंनी नको म्हटलं. मग तो जरा दुखावूनच बोलला.

"म्याडम, केस केली तं याचाच तोटा हाय. कोर्ट, दंड, तारखा. शेती कोण पाहीन? मी तं उलट यायले वाचवून राह्यलो. थोडं पाणी भरलं, त्यात का झालं? कोण्याही गावाले विचारा."

त्याचा त्यावर विश्वास होता. आणि अडचण अशी, की त्यातलं बरंचसं खरंही होतं. पोरांची पेनं थांबली. मला वाटलं, बाई आता असं काही बोलतील की नाकेदार गारच होईल. त्या नुसत्या दोन पावलं इकडे गेल्या, दोन तिकडे, आणि मग मामापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"उरकुडाभाऊ, साहेब म्हणतात त्यात तथ्य आहे. केस झाली तर दंड होईल, कदाचित जेलही. मी कसलीच खात्री देऊ शकत नाही. पण हे तुम्हाला कोणी विचारलेलं दिसत नाही, म्हणून विचारते. तुम्हाला काय हवं?"

मामाच्या खांद्यावर कावड तशीच होती. डबे हलून पाणी खाली सांडत होतं. त्यानं छाती पुढे काढली आणि सावकाश, अगदी सावकाश, तो माझ्याकडे वळला. ती नजर मला पाठ होती. पुढचं वाक्य दे, बे. मी तोंड उघडलं, मिटलं. झारीतलं पाणी माझ्याच पायावर पडत राहिलं. माझ्याजवळ त्याला द्यायला काही नव्हतं.

मामानं थोडा वेळ वाट पाहिली. मग गुडघे वाकवून त्यानं कावड खाली ठेवली. आधी एक डबा टेकला, मग दुसरा.

"केस करा, सायेब," तो म्हणाला. खलनायकाचा आवाज नव्हता तो. मागच्या रांगेतल्या पोरांना ऐकूही गेला नाही. "पाणी नाई भरत."

नाकेदारानं कावड उचलून भिंतीला टेकवली. मग आत जाऊन त्यानं टोपी घातली, कागद केले, आणि दुपारच्या एसटीनं मामाला तालुक्याला घेऊन गेला. सुटलो तो मी. घरी आलो तर मायनं माझ्यापुढे ताटच ठेवलं नाही. संध्याकाळ झाली, दिवा लागला, ती दारातून हलेना. बाईंचं नाव काढलं, तर म्हणाली, तुया बाईले भाऊ हाय का विचारजो. तो दिवस आणि दुसरा दिवस मी खळं ते दार, दार ते खळं असा फिरत राहिलो. पहिल्यांदाच कोणी मला बस म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मामा आला. दंड झाला होता. तो कसा भरला, हे पुढे कित्येक वर्षं मायसमोर काढायची सोय नव्हती. त्यानं पाय धुतले, पाटावर बसला. मायनं भात वाढला. मग तो सांगू लागला, की खुर्चीवरच्या साहेबानं सगळे कागद वाचले आणि मान वर करून विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का.

"मंग?" माय म्हणाली.

"मंग म्या मागं पाह्यलं. हा पोट्टा नव्हता तिथी."

"मंग?"

"मंग का करतं? माझंच बोललो. म्हटलं, बल्ल्या म्या तोडल्या, त्याचा दंड लावा. पण पाणी भरलो ते कायच्यात धरता, ते सांगा. तं त्यानं लेहून घेतलं. दोन्ही लेहून घेतलं."

मायची पळी डाळीच्या भांड्यावर तशीच थांबली होती. मग तिनं त्याच्या भातावर डाळ घातली, आणि बऱ्याच वेळानं माझ्याही पुढे ताट सरकवलं.

त्या लिहून घेतलेल्याचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही. गावातली दोन-चार घरं आमच्याशी बोलेनाशी झाली. आता नाकेदार सगळ्यांवरच केसा करेल, असं त्यांचं म्हणणं, आणि काही दिवस त्यानं केल्याही. मुख्याध्यापकांनी बाईंना वर्ग शाळेबाहेर न्यायची मनाई केली. मंच त्या साली बांबूचा झाला आणि दुसऱ्या अंकात एका बाजूनं खचला. पण मामानं ठेवलेली ती कावड तिथंच भिंतीला टेकून राहिली. शाळेत जाता-येता आम्ही पाहायचो. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यावर दोडक्याचा वेल चढला. नाकेदारानंच लावला होता.

बाहेर नेता येत नाही म्हणून बाईंनी मामालाच वर्गात बोलावलं. मामा नाटकातला काळा कोट घालून आला. फळ्यासमोर उभा राहिला, एवढी पोरं एकदम पाहिली, आणि थिजला. बाई म्हणाल्या, कोर्टात काय बोललात तेवढं सांगा, उरकुडाभाऊ. मामानं घसा साफ केला. मिशीवर बोट फिरवलं. छाती पुढे काढली. मग तो सावकाश वळला आणि बाकांवरून माझा चेहरा शोधू लागला.

या वेळी माझ्याजवळ होतं. तोंडाआड हात धरून मी हळूच म्हणालो, "बल्ल्या म्या तोडल्या."

"बल्ल्या म्या तोडल्या!" मामा गडगडला, आणि खिडकीवरचे पारवे उडाले. पुढच्या वाक्यासाठी मात्र तो थांबला नाही. माझ्या आधीच बोलून गेला.